एसीच्या पाण्यावर वाढलेली अझेलिया

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आमचं घर निलंगा तालुक्यातल्या एका गावात होतं. मी आणि श्रीधर अंगणात झोपलो होतो. सासूबाई आत होत्या. घर पडलं. सासूबाई गेल्या. ढिगाऱ्यातून त्यांची भाकरीची काठवट निघाली. त्या दिवसानंतर श्रीधर छताखाली झोपले नाहीत.

श्रीधर माझे यजमान. चारचौघांत मी त्यांना ‘हे’ म्हणत असे. लिहिताना नाव लिहिलं तर बरं पडतं. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि मी निलंग्याला कॉलेजच्या ग्रंथालयात. भूकंपानंतर शाळा काही दिवस पत्र्याच्या शेडमध्ये भरली, मग तिला स्लॅबची इमारत मिळाली. श्रीधर आपला वर्ग घेऊन बाहेर लिंबाखाली बसत. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “मास्तर, सरकारनं एवढी इमारत बांधून दिली, तुम्ही बाहेर कसे?”

“तुम्ही बसा आत, साहेब,” श्रीधर म्हणाले. “मी इथून लक्ष ठेवतो.”

साहेबांनीही चहा बाहेरच घेतला.

पुढे श्रीधरनी राजीनामा दिला. “उघड्यावरचा धंदा करू,” म्हणाले. उघड्यावरचे धंदे मोजकेच असतात. शेतीला पुरेल एवढी जमीन नव्हती आणि गुरांना मी घाबरते. राहिली झाडं. औशाच्या रस्त्याला, तेव्हा लातूरच्या बाहेर वाटणाऱ्या एका तुकड्यावर, आमची नर्सरी अशी सुरू झाली. ती चालवण्यात आमचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. या अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मी विचार केला, सगळे अनुभव लिहीत बसले तर माझ्या लिहिण्याच्या वेगाने पुढची दिवाळी येईल. म्हणून एकाच झाडाचं लिहिते. बाकीची माणसं त्या झाडाच्या वाटेवर जशी भेटली तशी येतील.

सुरुवातीची वर्षं आम्ही पुनर्वसित गावांना रोपं पुरवली. नवी गावं आखीव होती. सरळ रस्ते, सारखी घरं, आणि सावली कुठेच नाही. रोपं फुकट मिळायची, तरी लोक घ्यायला बिचकत. हातात रोप घेऊन पहिला प्रश्न विचारत, “ह्याची मुळं भिंतीखाली जातेत का हो?” आपल्या घराच्या भिंतीकडे माणसं तेव्हा अशीच बघत. एका म्हाताऱ्यांनी लिंबाचं रोप घरापासून इतकं लांब लावायला सांगितलं, की मला राहवलं नाही.

“आजोबा, याची सावली तुमच्या ओट्यापर्यंत यायची नाही.”

“येईल की सावकाश,” ते म्हणाले. “मला कुठं जायची घाई हाय?”

त्या लिंबाची सावली ओट्यापर्यंत आली. आजोबा ती बघायला होते. मधल्या काळात त्यांनी ओटाच पुढे वाढवून घेतला होता.

मग लातूरला क्लासेससाठी मुलं यायला लागली. आधी जिल्ह्यातली, मग नांदेड, बिलोली, देगलूरकडची, मग कुठली कुठली. आमच्या नर्सरीभोवतीची शेतं प्लॉट झाली आणि प्लॉटांवर हॉस्टेलं उभी राहिली. आमच्या मागच्या बाजूला एक मोठा क्लास आला आणि पश्चिमेला पाच मजल्यांचं हॉस्टेल. अंगणं गेली तशी आंबा-लिंबाची गिऱ्हाइकंही गेली. जे येत ते विचारत, “मॅडम, खिडकीत मावंल असं काही हाय का?” अशा रीतीने आम्ही बोन्सायकडे वळलो. ज्यांनी गावंच्या गावं सावलीत आणायची म्हणून सुरुवात केली, ते आता वडाला ताटात बसवू लागले. श्रीधरना याचं हसू यायचं. मला थोडं वाईट वाटायचं.

बोन्साय ही झाडाची वेगळी जात आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कुठलंही झाड उथळ कुंडीत ठेवायचं, मुळं आणि फांद्या वेळेवर छाटायच्या, तार गुंडाळून वळण द्यायचं, आणि खायला-प्यायला मात्र पोटभर द्यायचं. ते लहान राहतं, पण उपाशी नसतं. मी पुस्तकं मागवून वाचायची आणि श्रीधर कापायचे. माझा हात कापायला धजत नसे आणि त्यांना पुस्तक हातात घेतलं की झोप लागे. संसार असा बरा चालतो.

मागच्या क्लासचे सर एकदा स्वतः आले. त्यांना प्रवेशाच्या दिवसांत स्वागतकक्षात ओळीने बोन्साय मांडायची होती.

“सगळी एकसारखी पाहिजेत, मॅडम. एक उंची, एक आकार.”

“सर, झाडं एकसारखी होत नाहीत.”

“का नाही होत? आम्ही पोरं करतो की.”

श्रीधरनी त्यांना एकाच वयाची फायकसची रोपं दिली. महिन्याभरात एक नुसतंच उंच वाढलं, एक रुसलं, एक खिडकीकडे झुकलं. सर तक्रार घेऊन आले. श्रीधरनी त्यांना विचारलं, “तुमच्या वर्गात खिडकीकडे बघणारा एक असतोच ना?” सर हसले. ते हसरे होते म्हणून पुढचं सगळं घडलं.

कारण पुढे तो उन्हाळा आला ज्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमची बोअर आधीच गचके देत होती आणि जे पाणी येई ते इतकं जड, की कुंड्यांच्या काठावर पांढरा पापुद्रा धरे. माणसांना घागर मिळायची मारामार, तिथे झाडांचं नाव कोण काढणार? एका दुपारी श्रीधर मागच्या बोळात उभे राहून वर बघत होते. क्लासच्या भिंतीवर एसींची रांग होती आणि प्रत्येकाच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. बोळात शेवाळ धरलं होतं. सगळ्या लातुरात तेवढीच जागा ओली असेल. संध्याकाळपर्यंत तिथे आमचे रंगाचे रिकामे डबे लागले.

दुसऱ्या दिवशी सर बोळात आले. “मास्तर, आमचं पाणी चोरून राहिलात?”

“तुमच्या पोरांचा श्वास आहे तो, सर,” श्रीधर म्हणाले. “एवढी फी भरून घेतलेला. वाया कशाला घालवायचा?”

सरांनी दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवून सगळ्या नळ्या एका पाइपात जोडून दिल्या आणि पाइप आमच्या टाकीत सोडला. हे पाणी हवेतलं असतं. त्यात क्षार नसतात. नाजूक झाडांना ते मानवतं हे आम्हाला त्या उन्हाळ्यात कळलं. म्हणूनच काही वर्षांनी बंगळुरूला गेले असता श्रीधर तिथून अझेलियाची तीन रोपं घेऊन आले. वितीएवढी रोपं, वर राणी रंगाची फुलं.

“हे लातूरला येत नाही,” मी म्हणाले. मी वाचलेलं होतं.

“तेच ऐकून आणलंय.”

पहिलं रोप आम्ही प्रेमाने मारलं. काळी माती, भरपूर शेणखत, वर मूठभर राख. आमच्याकडे घरी आलेल्या कुठल्याही रोपाचं स्वागत असंच होतं. अझेलियाला आंबट माती लागते आणि राख तिच्या बरोबर उलट. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि रोप गेलं. दुसरं बोअरच्या पाण्याने गेलं. तिसऱ्यासाठी मी पुस्तक उघडून बसले आणि श्रीधर माझ्यासमोर बसून राहिले, जागे.

माती नांदेडच्या जोशीकाकांनी दिली. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्याकडून नेलेला बोन्साय वड मांडीवर घेऊन ते एसटीने नांदेडहून परत आले होते. वडाला एक पान नव्हतं.

“कुठे ठेवला होता, काका?”

“शोकेसमध्ये. काचेच्या आत. धूळ नको बसायला.”

“त्याला ऊन लागतं.”

“आत बल्ब आहे की. दिवसभर चालू ठेवतो.”

वड आमच्याकडे दवाखान्यात राहिला आणि सुधारला. जोशीकाका दर महिन्याला एसटीने त्याला भेटायला येत, डबा घेऊन येत, आणि वडाजवळ बसून जेवत. त्यांची मुलगी रत्नागिरीला दिली होती. अझेलियाची अडचण कळली तेव्हा ते तिच्याकडे गेले आणि येताना कोकणची तांबडी माती पिशवी भरून घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय? काका म्हणाले, औषध. त्या मातीत आम्ही नारळाचा भुसा आणि आमच्याच सुरूच्या झाडाखालची वाळकी पानं मिसळली. कुंडी पश्चिमेच्या भिंतीशी ठेवली, जिथे दुपार झाली की हॉस्टेलची सावली येते. पाणी एसीचं.

तिसरं रोप जगलं. नवी पालवी आली त्या दिवशी श्रीधर म्हणाले, “कोकणची माती, क्लासचं पाणी, हॉस्टेलची सावली. हिला लातूरला ॲडमिशन मिळाली.”

पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत ती फोफावली. तिचं बोन्साय करायचं ठरलेलंच होतं. मधोमध एक सरळ फांदी वर गेली होती. श्रीधरनी तिला लाल नाडा बांधून ठेवला. “हा शेंडा. ह्याच्यावर झाड उभं करू.” पण कापायची वेळ आली की म्हणत, “आधी नीट जगू दे.” इतर झाडांवर सपासप सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवणारा माणूस या एका झाडापुढे थांबे. मी चिडवायची, की लाडकी लेक आहे. ते म्हणत, “हो, मग?” आम्हाला मूलबाळ नव्हतं. हे बोलणं तिथेच संपायचं.

श्रीधर एका कार्तिकात गेले. दुपारी जेवून नर्सरीतल्या बाजेवर पडले होते, हिरव्या जाळीखाली. तेही उघड्यावरच.

त्यानंतर मी नर्सरी चालू ठेवली, कारण बंद कशी करायची ते मला येत नव्हतं. बाकीच्या झाडांची छाटणी माणूस लावून करून घेतली. अझेलियाला हात लावू दिला नाही. आणि झाड बिघडत चाललं.

याचं कारण तिच्या स्वभावात आहे. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याला असतो. शेंडा कापला की खालच्या फांद्या भरतात, हे कुठलाही माळी सांगेल. अझेलियाचं उलट. तिचा जोर खाली. बुंध्याजवळच्या फांद्या सगळं खाऊन जाडजूड होतात आणि वरचा शेंडा उपाशी राहून बारीक होत होत वाळतो. म्हणून तिला खाली सढळ हाताने छाटायचं आणि वर जपून. आम्ही काहीच छाटलं नव्हतं. खाली झुडूप माजलं होतं आणि लाल नाड्याची फांदी पानं गाळू लागली होती. ते झाड मला मरू द्यायचं नव्हतं आणि कापायचंही नव्हतं. दोन्ही एकदम जमणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. रोज सकाळी मी तिच्यापुढे स्टूल घेऊन बसायची आणि पाणी घालून उठायची.

अशात सुमन आली. देवणीकडच्या एका गावची शेतकरी बाई, चाळिशीची. तिची मुलगी ज्योती मेडिकलच्या तयारीसाठी मागच्या क्लासला होती आणि मायलेकी हॉस्टेलशेजारी खोली करून राहत होत्या. लातूरला अशा खोलीवरच्या आया पुष्कळ. गावाकडे नवरा, सासू, गुरं, रान. इथे एक खोली, एक गॅस आणि अभ्यास करणारं पोर.

“काकू, काही काम हाय का?” फाटकातूनच तिने विचारलं.

“पगार द्यायला जमणार नाही गं.”

“पगार कोण मागून राहिलंय? हाताला काम पायजे. दोघींचा सैपाक करून करून किती येळ करू? आन् पोरगी अभ्यासाला बसली की मला हलू बी देत न्हाई. बांगड्या वाजतेत म्हणती.”

तिच्या हातात खरंच बांगड्या नव्हत्या. काढून ठेवल्या होत्या. नर्सरीत आली की पदराच्या गाठीतून काढून घालायची आणि जाताना परत गाठीत. कुंड्या हलवताना तिच्या बांगड्या मुद्दाम वाजवल्यासारख्या वाजत.

पहिल्याच आठवड्यात ती अझेलियापुढे थांबली. “हे खाली लई माजलंय, काकू. वर सुकून राहिलं.”

“माहीत आहे.”

“आमच्याकडं एका गाईखाली दोन वासरं सोडली की दांडगं असंच करतंय. दुसऱ्याला पिऊच देत न्हाई. दांडगं बांधावं लागतंय.”

“माहीत आहे, सुमन.”

“मग बांधा की.”

का बांधत नाही ते मी तिला सांगितलं नाही. तिनेच चार दिवसांत कुठून तरी काढून घेतलं, बहुधा जोशीकाकांकडून. त्यानंतर तिने छाटणीचा विषय काढला नाही. फक्त रोज सकाळी झाडाला “काय म्हणून राहिलीस गं?” असं विचारी आणि माझ्याकडे बघे.

फाल्गुनात अझेलिया फुलली. खालच्या बाजूला सगळी राणी रंगाची, वर नाड्याच्या फांदीवर एकच फूल. हॉस्टेलमधली मुलं भिंतीवरून वाकून फोटो काढायला लागली. सरही आले. म्हणाले, “मास्तर असते तर आमच्या एसीचं अर्धं बिल त्यांच्याकडून घेतलं असतं.” त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

अझेलियाच्या छाटणीची वेळ ठरलेली असते. फुलं गळाली की लगेच. उशीर केला तर पावसाळ्यात धरणाऱ्या पुढच्या वर्षीच्या कळ्या छाटणीत जातात. फुलं सुकून तपकिरी झाली, गळाली. मी स्टुलावर बसून राहिले. चैत्र संपत आला. सुमन एक दिवस माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“काकू, ज्योतीची परीक्षा झाली की मी चालले. मग तुम्ही हितं एकल्या बसताल आन् ही वरून वाळत येईल. मास्तरांचा नाडा वाळक्या काडीला राहील. चालंल का?”

मी म्हणाले, “परवा करू.”

परवा म्हणण्याला कारण होतं. छाटणीबरोबर नाड्याच्या फांदीला तार गुंडाळून किंचित वळण द्यायचं होतं, आणि अझेलियाचं लाकूड ठिसूळ. पाणी पिऊन तट्ट फुगलेली फांदी जराशा वाकवण्याने बेचक्यातून कडकन मोडते. म्हणून तार बांधायच्या आधी पाणी थोडं तोडायचं. फांदी जरा मऊ पडते. मी झारी बाजूला ठेवली. सुमनला मात्र कारण सांगायचं राहिलं.

ठरल्या दिवशी आम्ही कुंडी टेबलावर घेतली. मी बोट ठेवायचं आणि सुमनने कापायचं, असं ठरलं. तिचा हात कात्रीला सरावलेला नव्हता, पण डोळा होता. अझेलियाला एकाच ठिकाणाहून चार-पाच फुटवे फुटतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. त्यांतले आडवे दोन ठेवायचे आणि वर-खाली जाणारे काढायचे. दोनदा दाखवल्यावर तिसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. खालचा दांडगा एक गेला, दुसरा गेला. आत उजेड शिरला. बुंधा दिसू लागला, आणि तो चांगला जाड आणि जुना वाटणारा निघाला. इतकी वर्षं तो तिथेच होता आणि आम्ही कुणी पाहिलाच नव्हता.

तार मी बांधायला घेतली. ॲल्युमिनियमची तार, सैलसर पीळ देत वरपर्यंत नेली. मग दोन्ही अंगठे टेकवले आणि अगदी थोडं वाकवलं.

कडकन आवाज झाला. नाड्याची फांदी बेचक्यातून मोडून माझ्या हातात आली.

मोडलेल्या जागी पाणी चकाकत होतं. मी मातीला बोट लावलं. माती ओली होती.

“सुमन, पाणी घातलंस?”

“सकाळीच घातलं. भरपूर.” तिचा चेहरा उतरला. “आज कापायचं होतं न्हवं. बोकडाला बी कापायच्या आधी पाणी पाजतेत, काकू. हे तर झाड हाय. तहानलेलं कसं कापावं?”

आमच्या भागात पाणी घातलं म्हणून आजवर कुणी कुणाला बोललेलं नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? माझ्या हातात मोडकी फांदी, तिला लाल नाडा, आणि समोर ही बाई बोकडाची गोष्ट सांगत होती. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. सुमन आधी घाबरली, मग तीही हसली, मग दोघींचे डोळे पुसून झाले. कोण कशासाठी पुसत होतं ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

“आता शेंडाच राहिला न्हाई,” ती म्हणाली. “आता ह्याचं काय?”

मी टेबलाच्या माझ्या बाजूने बघत होते. मी कायम त्याच बाजूने बघत आले होते. श्रीधर तिथे उभे राहत. सुमन पलीकडे होती.

“हिकडून या बरं,” ती म्हणाली. “ही काय वाईट हाय?”

मी तिच्या बाजूला गेले. तिथून मोडक्या जागेच्या खालून निघालेली एक फांदी दिसत होती. क्लासच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, झुकून मग हळूच वर वळलेली. तिला तारेची गरजच नव्हती. वळण तिचं तिनेच घेतलं होतं. सरळ उभं झाड होणार होतं, त्याऐवजी वाऱ्यात जरा कललेलं झाड होईल, एवढंच.

मोडक्या जागी एक खुंट उरला होता. तो तिरका, स्वच्छ कापायला हवा होता, नाहीतर तिथून कुज आत शिरते. सुमनने सिकेटर पुढे केलं. इतक्या वर्षांत मी नर्सरीत एकही मोठी फांदी स्वतः कापली नव्हती. मी सिकेटर घेतलं आणि तो खुंट कापला. वर मेण लावलं.

मोडलेल्या फांदीच्या टोकाला थोडी कोवळी फूट होती. जुनी काडी मुळं धरत नाही, कोवळी धरते. म्हणून त्या टोकांच्या काड्या करून आम्ही भुशात खोचल्या आणि वर प्लास्टिकचा ग्लास उपडा घातला. नाडा मी सोडून घेतला.

परीक्षा झाली. सुमन बांगड्या वाजवत गावी गेली. जाताना झाडाला म्हणाली, “पाणी माग गं काकूंना. लाजू नको.”

ज्योतीला मेडिकल मिळालं नाही. फोनवर सुमनचा आवाज लहान झाला होता. मग काही दिवसांनी मोठा झाला. उदगीरला गुरांच्या डॉक्टरीला नंबर लागला होता. दसऱ्याच्या सुमारास नवरा-बायको मला भेटायला आले. नवरा अबोल माणूस, टोपी हातात घेऊन बसला. मी म्हणाले, “मेडिकलचं राहिलं, वाईट वाटलं असेल.”

“न्हाई बा,” तो म्हणाला. “माणसांचे डाक्टर तालुक्याला लई हायेत. आमची गाय अडली की उदगीरला फोन लावा आन् वाट बगा. आता घरचाच डाक्टर.” मग थांबून म्हणाला, “तिची आई दोन वर्सं हितं काय करत व्हती ते मला बगायचं व्हतं.”

सुमनने त्याला अझेलिया दाखवली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, गाय विकत घेताना मारतात तशी, आणि म्हणाला, “पाय चांगला हाय.” बुंध्याबद्दल म्हणत होता. एवढी नेमकी दाद मला कुठल्याच गिऱ्हाइकाने दिली नव्हती.

भुशातल्या काड्यांपैकी एकीने मुळं धरली होती. ती मी सुमनला दिली, कोकणच्या मातीसकट.

“आन् पाणी? आमच्याकडं कुठला आलाय एसी?”

“पावसाचं साठव.”

काही महिन्यांनी तिचा फोन आला. पावसाचं पाणी संपलं, पण काळजी नाही, गावातल्या बँकेत एसी बसला आहे. तिच्या मालकांनी खिडकीखाली डबा लावला आहे. मॅनेजर विचारत होते, हे काय? मालक म्हणाले, झाडाचं खातं उघडलंय.

पुढच्या फाल्गुनात आमची अझेलिया थोडी फुलली, पण सगळीकडे सारखी, वरसुद्धा. फुलं गळाल्यावर मी लगेच छाटणी केली, स्वतः. मग मुळंही छाटली, तिसऱ्या हिश्शाहून कमीच, आणि उथळ भांडं शोधायला लागले. नर्सरीत ट्रे पुष्कळ होते. मी घरातून सासूबाईंची काठवट आणली. भाकरी थापून थापून तिचा मधला भाग खोलगट झालेला आहे आणि भूकंपात तिला एक चीर गेली आहे. अझेलियाच्या मुळाशी पाणी थांबून चालत नाही. भांड्याला भोकं पाडावी लागतात. मी दोनच पाडली. बाकीचं पाणी चिरेतून जातं.

काठवट लाकडाची आहे, ओलीत फार वर्षं टिकणार नाही. तेव्हा दुसरं काही बघता येईल.

नर्सरीची अर्धी जागा मी यंदा भाड्याने दिली. तिथे अभ्यासिका होते आहे. उरलेल्या अर्ध्यात फायकस आहेत, जोशीकाकांचा वड आहे, बाज आहे. लाल नाडा मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून असतो. अझेलिया पश्चिमेच्या भिंतीशी काठवटीत आहे, पूर्वेला कललेली. रोज सकाळी मी तिला पाणी घालते. तार बांधायची असली की आदल्या दिवशी घालत नाही.